लंडनमधला पहिला नाताळ : मुलाबाळांसह सुट्टी कशी आखावी

डिसेंबर लागला की इथल्या प्रत्येक मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, उन्हाळ्यात नुकतंच आलेलं कुणीतरी विचारतंच : "२५ तारखेला मुलांना घेऊन कुठे जावं?" उत्तर एका ओळीचं आहे. कुठेही नाही. २५ डिसेंबरला लंडन बंद असतं. ट्यूब (इथली भुयारी मेट्रो) नाही, बस नाही, लोकल गाड्या नाहीत, म्युझियमं बंद, मोठी दुकानं बंद. मुंबई-पुण्यात आपण नाताळ म्हणजे त्या संध्याकाळी बाहेर पडून रोषणाई बघणं असं समजत आलो. इथे उलट आहे. बाहेरची सगळी धमाल २५ च्या आधीच्या पाच-सहा आठवड्यांत होते आणि प्रत्यक्ष त्या दिवशी माणसं दार लावून घरी जेवत बसतात. एवढं ध्यानात ठेवून कॅलेंडर मागून पुढे आखलं की निम्मं काम झालं.

पहिली पायरी : आधी बंदचे दिवस खोडा

कॅलेंडरवर पहिली फुली २५ ला. त्या दिवशी ट्रान्सपोर्ट फॉर लंडन, म्हणजे शहराची ट्यूब-बस चालवणारी संस्था, तिची एकही सेवा चालत नाही. भाड्याच्या सायकली तेवढ्या मिळतात. २४ ला संध्याकाळपासूनच गाड्या कमी होत जातात, म्हणून त्या दिवशी रात्रीचं जेवण शहराच्या दुसऱ्या टोकाला ठेवू नका. २६ ला, म्हणजे बॉक्सिंग डेला, ट्यूब आणि बस तुटपुंज्या चालतात आणि शहराबाहेर जाणाऱ्या बहुतेक रेल्वे बंदच असतात. नाताळच्या आठवड्यात रेल्वेवाले रुळांची मोठी कामंही काढतात, तेव्हा लंडनबाहेर कुणाकडे जायचं असेल तर गाडी आहे का हे तिकीट काढण्याआधी बघा.

भारतातून आजी-आजोबा येणार असतील तर विमान २५ ला उतरणारं घेऊ नका. तिकीट स्वस्त दिसतं खरं, पण हीथ्रोहून घरी आणायला टॅक्सी किंवा मित्राची गाडी हेच मार्ग बहुधा उरतात आणि त्या दिवशी टॅक्सीवाले काय भाव सांगतात ते ऐकून स्वस्त तिकिटाचा आनंद टिकत नाही.

दुकानांचं गणित वेगळं. २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाने नाताळच्या दिवशी उघडायचं नाही, असा २००४ चा कायदाच आहे. कोपऱ्यावरचं लहान दुकान उघडं सापडेलही, पण त्या भरवशावर दुधाशिवाय राहू नका. २३ ला रात्रीपर्यंत दूध, ब्रेड, कोथिंबीर, मुलांचं तापाचं औषध आणि घरात कुणाची रोजची गोळी असेल तर ती, एवढं भरून ठेवा. जीपी म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर २५ आणि २६ ला नसतात. अडलंच तर सल्ल्यासाठी १११ वर फोन, गंभीर असेल तर ९९९.

ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियम ही तिन्ही २४ ते २६ बंद असतात. तिन्ही ठिकाणी प्रवेश मोफत आहे, म्हणून ती सुट्टीच्या शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवायची. शाळा साधारण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुटतात आणि दोन आठवडे बंद राहतात. म्हणजे शाळा सुटल्यापासून २४ पर्यंत हाताशी जेमतेम चार-पाच दिवस उरतात आणि नेमक्या त्याच दिवसांत सगळं लंडन बाहेर पडलेलं असतं. त्यामुळे रोषणाई, बर्फावरचं स्केटिंग, बाजार हे शक्यतो शाळा चालू असतानाच, नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, मुलं शाळेतून आल्यावर संध्याकाळी उरका. काळोख लवकर पडतो, याचा इथे फायदाच होतो.

दुसरी पायरी : काळोख आणि कपडे

डिसेंबरच्या मध्यावर लंडनमध्ये सूर्य सकाळी आठच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. आठ तासांचाही दिवस नाही. म्हणून बागेत किंवा उघड्यावर जे करायचं ते सकाळी दहा ते तीनमध्ये, दिव्यांचं जे काही आहे ते साडेचारनंतर. साडेचारला निघालात तर सात वाजता मुलं घरी, जेवून झोपायला मोकळी. रात्री आठला रोषणाई बघायला निघण्याची आपली सवय इथे कामाची नाही.

बर्फ पडेल या आशेवर राहू नका. नाताळात लंडनमध्ये बर्फ क्वचितच पडतो. असतो तो पाच ते दहा अंशांचा दमट गारठा आणि बारीक पाऊस. अशा हवेत एक जाडजूड कोट घालून भागत नाही. आत अंगाला चिकटणारं थर्मल, मध्ये लोकरीचं किंवा फ्लीसचं, बाहेर पाणी न शिरणारं जाकीट. दुकानात आणि ट्यूबमध्ये हीटर इतका असतो की मधला थर पटकन काढता आला पाहिजे, नाहीतर पोर घामाघूम होऊन बाहेरच्या वाऱ्यात येतं. पाय ओले झाले की सहल संपली म्हणून समजा, तेव्हा पिशवीत मोज्यांचा एक जादा जोड हवाच. हातमोजे दोरीने जोडून कोटाच्या बाह्यांतून ओवून टाका. डिसेंबरभर ट्यूब स्टेशनांवर एकेकटे पडलेले छोटे हातमोजे बघितलेत की कारण विचारणार नाही.

तिसरी पायरी : कशाचं बुकिंग आज, कशाचं कधीच नाही

इथे नवखी माणसं दोन प्रकारे फसतात. एक तर सगळं ऐनवेळी बघू म्हणतात, नाहीतर फुकट मिळणाऱ्या गोष्टींसाठीही महागडं पॅकेज घेतात.

आधी बुक करावं लागतं ते असं. क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानातली दिव्यांची वाट : २०१३ पासून दर हिवाळ्यात होते, काळोखात झाडांमधून जवळपास तीन किलोमीटर चालायचं, दर वळणावर नवा खेळ. शनिवार-रविवारची तिकिटं फार आधी संपतात. सोमवार ते गुरुवार संध्याकाळचा पहिला स्लॉट स्वस्तही असतो आणि लहानग्यांना झेपतोही. लंडनमध्ये पैसे देऊन एकच गोष्ट करायची झाली तर मी ही सांगेन.

हाइड पार्कमधलं विंटर वंडरलँड हे सगळ्यांना तोंडपाठ असलेलं नाव. प्रचंड जत्रा आहे : आकाशपाळणा, सर्कस, बर्फाचं शिल्पदालन, सॉसेजचे ठेले. गर्दीच्या वेळेप्रमाणे प्रवेशाचा दर बदलतो, पण खरा खर्च आत आहे. प्रत्येक पाळण्याचे वेगळे पैसे, आणि चौघांचं कुटुंब दोन तासांत किती उडवतं हे घरी येऊन बँकेचं अ‍ॅप उघडल्यावरच कळतं. जायचंच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, मुलांना घरूनच "प्रत्येकी दोन राइड" असं बजावून. शनिवारी संध्याकाळी बग्गी, म्हणजे बाबागाडी, घेऊन अजिबात नको.

स्केटिंगसाठी सोमरसेट हाउसचं अंगण. अठराव्या शतकातल्या दगडी वास्तूच्या मधोमध २००० सालापासून दर हिवाळ्यात बर्फाचा रिंक घालतात. देखणेपणात त्याला तोड नाही, पण दरही तसाच. आपापल्या भागात, बॅटरसी किंवा कॅनरी व्हार्फला, किंवा रॉमफर्डसारख्या ठिकाणी बारमाही बंदिस्त रिंकवर, शिकणं जास्त सोपं. लहान मुलांना धरून घसरायला पेंग्विनच्या आकाराचे आधार मिळतात. ते मोजकेच असतात, तिकिटाबरोबरच राखून ठेवावे लागतात. हातमोजे सक्तीचे समजा, जाड मोजे घोट्याच्या वर येतील असे घाला आणि आई-बाबांनी पहिली दहा मिनिटं कठडा सोडू नये.

फादर ख्रिसमसला, म्हणजे आपल्या सांताला, भेटायचं ते 'ग्रॉटो'त, म्हणजे त्याच्यासाठी सजवलेल्या खोपटात. मध्य लंडनमधल्या मोठ्या दुकानांतले ग्रॉटो ऑक्टोबरातच भरतात. उपनगरातली गार्डन सेंटर, सिटी फार्म, शाळांच्या जत्रा इथले ग्रॉटो स्वस्त आणि निवांत. तिथला सांता घाईत नसतो, मुलाशी दोन वाक्यं बोलतो. त्याला पत्र लिहायचं असेल तर रॉयल मेलचा ठरलेला पत्ता आहे : सांता / फादर ख्रिसमस, सांताज ग्रॉटो, रेनडिअरलँड, एक्सएम४ ५एचक्यू. तिकीट लावायचं, आपला पूर्ण पत्ता घालायचा आणि डिसेंबर लागायच्या आत टाकायचं म्हणजे उत्तर येतं.

आणि ज्यासाठी कधीच पैसे मोजू नयेत : रस्त्यांवरची रोषणाई बघायला 'ख्रिसमस लाइट्स टूर'. तीच रोषणाई साध्या लाल बसच्या वरच्या मजल्यावरून दिसते.

जाता-जाता प्रवासाचे पैसे. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना बस फुकट. ट्यूबमध्येही तिकीट काढलेल्या मोठ्या माणसाबरोबर चार मुलांपर्यंत फुकट, त्यांना रुंद गेटमधून सोबत न्यायचं. ११ ते १५ च्या मुलांना झिप ऑयस्टर, म्हणजे प्रवासाचं सवलतीचं कार्ड, लागतं. त्याचा अर्ज ऑनलाइन, फोटोसकट, आणि कार्ड यायला वेळ लागतो, म्हणून नोव्हेंबरातच करा. भारतातून सुट्टीपुरती आलेली त्या वयाची भाचरं असतील तर ट्यूब स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला 'यंग व्हिजिटर' सवलत त्यांच्या ऑयस्टरवर चढवायला सांगा. मोठ्यांनी प्रत्येकी वेगळं कार्ड टेकवायचं. एका कार्डावर दोघं जाता येत नाही. बसमध्ये एकदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच.

चौथी पायरी : दिव्यांची संध्याकाळ

ही माझी आवडती संध्याकाळ, म्हणून जरा सविस्तर.

वार शुक्रवार निवडा, आणि का ते पुढे येतंच. १३९ नंबरची बस गोल्डर्स ग्रीनहून निघून बेकर स्ट्रीट, ऑक्सफर्ड स्ट्रीट, रीजंट स्ट्रीट, पिकॅडिली करत ट्रफाल्गर स्क्वेअरवरून वॉटर्लूला जाते. वेस्ट हॅम्पस्टेडसारख्या आधीच्या थांब्यावर चढा, म्हणजे वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढच्या, मोठ्या काचेपाशी जागा मिळण्याची शक्यता राहते. ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनला या महिन्यात उतरायचं टाळा. शनिवार-रविवारी तिथे गर्दी आवरण्यासाठी दारं मध्येच बंद करतात.

बस ऑक्सफर्ड स्ट्रीटला वळली की मुंगीच्या गतीने चालते. एरवी वैताग येईल, आज तेच हवं आहे. डोक्यावर दिवे इतके जवळ येतात की मुलं आपोआप मान खाली घालतात. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर नाताळचे दिवे १९५९ पासून लागतात, रीजंट स्ट्रीटवर त्याच्याही आधी, १९५४ पासून. रीजंट स्ट्रीटवरच्या पंख पसरलेल्या देवदूतांखालून बस वळणदार रस्त्याने खाली उतरते तेव्हा फोन खिशात ठेवायला सांगा; काचेवरच्या वाफेमुळे फोटो तसेही धड येत नाहीत.

वाटेत हॅम्लीज हे खेळण्यांचं दुकान दिसेल. १७६० साली सुरू झालेलं, आणि २०१९ पासून आपल्या रिलायन्सच्या मालकीचं. मुलं उतरायचा हट्ट धरतील. सात मजले, प्रत्येक मजल्यावर खेळणी करून दाखवणारे तरुण. शाळा सुटायच्या आधी एखाद्या दुपारी वेगळं न्या. या संध्याकाळी बसमध्येच बसून राहा.

ट्रफाल्गर स्क्वेअरला उतरलात की समोर झाड. वीस मीटरच्या आसपास उंचीचं स्प्रूस, म्हणजे सूचिपर्णी झाड, आणि त्यावर रंगीबेरंगी गोळे वगैरे काही नाही, फक्त वरून खाली उभ्या ओळींत सोडलेले पांढरे दिवे. ही नॉर्वेची पद्धत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने नॉर्वे घेतला तेव्हा राजा हाकोन आणि त्यांचं सरकार लंडनला आश्रयाला आलं होतं. त्या मदतीची आठवण म्हणून ऑस्लो शहर १९४७ पासून दरवर्षी एक झाड पाठवतं. ऑस्लोजवळच्या जंगलात ते पन्नास-साठ वर्षं वाढलेलं असतं. दरवर्षी कुणी ना कुणी त्याला "मरतुकडं" म्हणतं, वर्तमानपत्रांत थट्टा होते, आणि पुढच्या वर्षी तसंच सडपातळ झाड पुन्हा येतं. मला त्याचा हा साधेपणाच आवडतो, पण लखलखाटाच्या अपेक्षेने आलेल्या मुलांना आधी ही गोष्ट सांगा, नाहीतर "एवढंच?" असं ऐकायला मिळेल. दिवे लावण्याचा समारंभ डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी होतो. त्यानंतर नाताळाच्या आदल्या काही दिवसांपर्यंत बहुतेक संध्याकाळी झाडाखाली शाळांचे आणि संस्थांचे गट धर्मादाय कामासाठी कॅरोल्स, म्हणजे नाताळची गाणी, गातात. दहा मिनिटं उभं राहा, मुलांच्या हातून डब्यात एक पौंड टाका.

आता शुक्रवारचं कारण. चौकातली नॅशनल गॅलरी एरवी सहाला बंद होते, शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडी असते. प्रवेश मोफत, आत ऊब, आणि मुख्य म्हणजे स्वच्छ टॉयलेट. लहान मुलांबरोबरच्या हिवाळी सहलीत यापलीकडे काय लागतं? आत गेलाच आहात तर व्हॅन गॉची सूर्यफुलं दाखवून या. शेजारच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चच्या तळघरात, विटांच्या कमानींखाली कॅफे आहे. जमिनीकडे बघितलंत तर जुन्या थडग्यांच्या शिळा दिसतील. सूप-ब्रेड तिथे परवडतं.

पोरांत अजून दम असेल तर चालत कॉव्हेंट गार्डन. मोठं झाड, बाजाराच्या छताला टांगलेली झुंबरं, रस्त्यावर कसरती करणारे कलाकार. परत जाताना कॉव्हेंट गार्डन स्टेशनात शिरू नका. लिफ्टला रांग असते, आणि जिना दिसला म्हणून धरलात तर १९३ पायऱ्या आहेत. लेस्टर स्क्वेअर स्टेशन तिथून पाव किलोमीटरवर आहे, तिकडून ट्यूब धरा.

पाचवी पायरी : एक तरी पँटो

नाताळात इंग्रज कुटुंबं नाटकाला जातात ते पँटोमाइम बघायला. मूकाभिनयाशी त्याचा काही संबंध नाही. हा प्रकार भयंकर बडबडा आहे. गोष्ट सिंड्रेलाची, अलादिनची किंवा डिक व्हिटिंग्टनची. त्यात बाईचं सोंग घेतलेला एक दांडगा पुरुष असतो, त्याला 'डेम' म्हणतात. गणगौळणीतली मावशी ज्याने पाहिली आहे त्याला डेम समजावून सांगावी लागत नाही : तोच ठसका, तीच प्रेक्षकांतल्या एखाद्या बिचाऱ्या पुरुषाला हेरून तासभर छळण्याची खोड. पुढच्या रांगेत बसलात आणि मिशा असल्या तर तयारीत राहा.

मुलांना घरूनच तीन गोष्टी शिकवून न्या. खलनायक आला की "बू" करून ओरडायचं. तो कुणाच्या मागून येताना दिसला की "ही इज बिहाइंड यू!" नट "ओ नो इट इझन्ट" म्हणाला की सगळ्यांनी "ओ येस इट इज!" शाळेत गप्प बस ऐकून कंटाळलेली, इंग्रजी नवीन असलेली मुलंही इथे खुलतात, कारण चूक होण्याची भीतीच नसते, जितकं मोठ्याने, तितकं चांगलं.

कुठे बघावं? हॅकनी एम्पायरचा पँटो गावभरात नावाजलेला आहे, त्यात पूर्व लंडनचा सगळा बहुरंगी मसाला असतो. हॅमरस्मिथचं लिरिक, रिचमंड थिएटर ही कुटुंबांसाठी उत्तम. वेस्ट एंडमधला पॅलेडियमचा पँटो सगळ्यात झगमगीत, पण त्यातले द्व्यर्थी विनोद प्रसिद्ध आहेत. आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जातील. आजी-आजोबांच्या जातीलच असं नाही. तुमच्या बरोच्या, म्हणजे महापालिकेच्या, थिएटरातही पँटो असतोच, तिकीट निम्म्यात मिळतं आणि डेमच्या तोंडी तुमच्याच हाय स्ट्रीटवरचे विनोद असतात. सुरुवात तिथून करा.

शाळा, कार्डं आणि टॉवेल

एक दिवस शाळेचा ईमेल येईल : तुमचा मुलगा नेटिव्हिटीत, म्हणजे येशूजन्माच्या नाटुकल्यात, मेंढपाळ आहे, पोशाख आणा. घाबरू नका, विकत घेऊ नका. डोक्यावर स्वयंपाकघरातलं चौकडीचं पुसणं आणि त्यावर कपाळपट्टी, अंगात बाबांचा ढगळ शर्ट. मेंढपाळ असाच असतो. ख्रिसमस जंपर डेला रंगीत स्वेटर आणि एक-दोन पौंडांची देणगी. वर्गातल्या प्रत्येकाला कार्ड द्यायची पद्धत आहे, तीस कार्डांचं पाकीट सुपरमार्केटात स्वस्त मिळतं. वर्गाची यादी मात्र आधीच मागून घ्या.

सहावी पायरी : खाताना काय बघायचं

शाकाहारी घरांसाठी हा भाग. मिन्स पायमध्ये आता मांस नसतं, मनुका-बेदाणे-मसाल्यांचं सारण असतं. पण त्या सारणात सूएट नावाची चरबी घालण्याची जुनी रीत आहे आणि ती मुळात गुरांची. बाजारातल्या पुष्कळ पायमध्ये वनस्पतीचं सूएट असतं, तरी खोक्यावर 'शाकाहारी' असं छापलेलं बघूनच घ्या. ख्रिसमस पुडिंगलाही हेच लागू, शिवाय त्यात बहुधा ब्रँडी किंवा रम असते. हॉट चॉकलेटवर तरंगणारे मार्शमेलो जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचे. ठेल्यावर आधीच "मार्शमेलो नको" सांगा. ऑफिसच्या जेवणात शाकाहारींना नट रोस्ट, म्हणजे दाणे-सुकामेव्याचा भाजलेला लगदा, मिळतो. पहिल्या वर्षी कुतूहलाने खा. दुसऱ्या वर्षापासून तुम्हीही ग्रेव्ही जास्त मागाल.

निर्धास्तपणे खायचं तर भाजलेले चेस्टनट. पुलांवर आणि म्युझियमांबाहेर कोळशावर भाजतात. फणसाच्या आठळीची आठवण होईल. पिशवी छोटी आणि भाव मोठा असतो. त्याच पैशात सुपरमार्केटातून पाव किलो आणून, प्रत्येकाला सुरीने चीर देऊन ओव्हनमध्ये भाजता येतात. चीर विसरलात तर ते फुटतात, आणि ओव्हन पुसायचं काम वाढतं.

दिवसभराच्या सहलीला मात्र डबा न्या. थालीपीठ, तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासमधून टोमॅटोचं सार. म्युझियमांत घरचा डबा खायला जागा केलेल्या असतात, कुणी काही म्हणत नाही.

२४ आणि २५

२४ ला दुपारी किंवा संध्याकाळी जवळच्या चर्चमध्ये मुलांसाठी 'क्रिस्टिंगल' ही मेणबत्त्यांची प्रार्थना असते का बघा. कुठल्याही धर्माच्या माणसाला येऊ देतात, पैसे लागत नाहीत. प्रत्येक मुलाच्या हातात एक संत्रं देतात : ते म्हणजे पृथ्वी. त्याला मधोमध लाल फीत, वर खोचलेली मेणबत्ती आणि चार काड्यांवर टोचलेल्या जेली-मनुका, म्हणजे चार ऋतू आणि पृथ्वीची फळं. दिवे मालवतात, मेणबत्त्या लावतात. मूळ प्रथा मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाची. इंग्लंडच्या चर्चमध्ये ती १९६८ पासून रुळली. केस मोकळे सोडलेल्या मुलींचे केस बांधून न्या. आणि जेलीत जिलेटिन असू शकतं, हेही आलंच. मोठी मुलं असतील तर सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या कॅरोल सेवेला जाता येतं. एरवी आत जायला पर्यटकांना भरभक्कम तिकीट पडतं. प्रार्थनेला येणाऱ्याला नाही. फक्त रांग लांब असते.

२५ ला सकाळी शहर खरंच रिकामं असतं. गाडी असेल किंवा हाइड पार्क चालण्याच्या अंतरावर असेल तर नऊच्या आधी सर्पंटाइन तळ्याकाठी पोहोचा. तिथल्या स्विमिंग क्लबचे सभासद दर नाताळच्या सकाळी गोठवणाऱ्या पाण्यात शंभर यार्डांची शर्यत पोहतात. ही परंपरा १८६४ पासूनची. १९०४ मध्ये पीटर पॅनचे लेखक जे. एम. बॅरी यांनी करंडक दिला, तेव्हापासून ती पीटर पॅन कप म्हणून ओळखली जाते. बघायला पैसे नाहीत. पाण्यात उतरायचं मनात आणू नका, ते फक्त सभासदांसाठी आहे. गाडीवाल्यांना आणखी एक सोय : मध्य लंडनात गाडी नेण्याचा कर, कंजेशन चार्ज, २५ डिसेंबर ते १ जानेवारी लागत नाही. गाडी जुनी असली तर यूलेझचा, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा, आकार मात्र फक्त २५ ला माफ असतो.

दुपारी तीनला टीव्हीवर राजाचं भाषण. १९३२ मध्ये पंचम जॉर्जने रेडिओवरून पहिलं केलं होतं. महाराष्ट्र मंडळ लंडनही १९३२ चंच. मंडळाचं डॉलिस हिलचं सभागृह आणि कार्यक्रम माहीत करून घ्या, नव्या माणसाला ओळखी तिथे होतात.

शेजाऱ्यांना २३-२४ लाच एक कार्ड आणि डबाभर करंज्या किंवा चकल्या देऊन या. २५ ला बेल वाजवू नका, ते जेवणात असतात. तुमच्या घरी त्या दिवशी इतर दोन-तीन मराठी कुटुंबं बोलवा, जी चालत येऊ शकतील. जेवणाआधी टेबलावर ख्रिसमस क्रॅकर ठेवा : दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं, 'फट्' आवाज होतो, आत कागदी मुकुट आणि एक पांचट विनोद. टॉम स्मिथ नावाच्या लंडनच्या मिठाईवाल्याने १८४० च्या दशकात हे काढलं. मुकुट घालूनच जेवायचं, आजोबांनीसुद्धा.

सातवी पायरी : २६ ते १

बॉक्सिंग डेला सेलसाठी पहाटे रांगा लावण्याचे दिवस ऑनलाइनमुळे सरले आहेत. पुढच्या वर्षाची कार्डं, क्रॅकर आणि रॅपिंग पेपर अर्ध्या किमतीत आणायला मात्र सुपरमार्केटात जाच.

२७ ते ३० हे म्युझियमांचे दिवस. सगळे नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियमसाठी साउथ केन्सिंग्टनलाच धावतात, म्हणून तुम्ही बेथनल ग्रीनचं यंग व्ही अँड ए हे मुलांचं म्युझियम किंवा हॉक्स्टनचं म्युझियम ऑफ द होम धरा, दोन्ही मोफत. हॉक्स्टनच्या म्युझियममध्ये वेगवेगळ्या शतकांतले दिवाणखाने मांडलेले आहेत आणि हिवाळ्यात ते त्या-त्या काळाप्रमाणे सणासाठी सजवतात. झाडाशिवायचा नाताळ कसा होता आणि झाड कधी आलं हे मुलं खोलीगणिक चालत शोधतात.

३१ च्या रात्री थेम्सकाठच्या आतषबाजीला २०१४ पासून तिकीट लागतं. तिकीट नसेल तर नदीकडे फिरकू नका, रस्ते अडवलेले असतात. लोक प्रिमरोज हिल सुचवतात, पण अलीकडे ती टेकडी त्या रात्री बंद ठेवतात. दहा वर्षांखालची मुलं असतील तर मी सरळ टीव्हीसमोर बसेन. कारण तिकीट असूनही तीन-चार तास थंडीत उभं राहावं लागतं, आणि बाराचे ठोके पडेपर्यंत मूल खांद्यावर झोपलेलं असतं. जाणाऱ्यांना पावणेबारा ते पहाटे साडेचार प्रवास फुकट.

त्याऐवजी १ जानेवारीची परेड बघा. १९८७ पासून चालू आहे. दुपारी बाराला पिकॅडिलीहून निघते, ट्रफाल्गर स्क्वेअर करत पार्लमेंट स्ट्रीटला संपते. अमेरिकन शाळांचे बँड, जुन्या गाड्या, घोडे, लंडनच्या बरोंचे चित्ररथ. कट्ट्यांवरच्या खुर्च्यांना पैसे, रस्त्याच्या कडेला उभं राहायला नाहीत. अकराला पोहोचलात तर मुलांना पुढे कठड्यापाशी जागा मिळते. आदल्या रात्री झोप झालेली असते, हा टीव्हीवाल्यांचा फायदा.

खरं झाड आणलं असेल तर ५-६ जानेवारीपर्यंत उतरवायचं. त्यावरची चमकी आणि दिवे काढून टाका आणि तुमच्या बरोच्या वेबसाइटवर झाड नेण्याची तारीख बघा. बहुतेक ठिकाणी ठरलेल्या दिवशी फाटकाबाहेर ठेवलं की फुकट नेतात, तुकडे करून बागांत पसरतात. कचऱ्याच्या गाडीचे वारही या दोन आठवड्यांत पुढे-मागे होतात, तेही तिथेच कळेल. आणि आजारपणात किंवा कामाच्या धबडग्यात डिसेंबर हातचा गेलाच, तर जानेवारीच्या उत्तरार्धात कॅनरी व्हार्फला विंटर लाइट्स हा दिव्यांच्या कलाकृतींचा मोफत महोत्सव असतो. तोवर संक्रांतही होऊन गेलेली असते, तेव्हा खिशात तिळगूळ ठेवा.